अठरा पूर्ण झाल्यावर मिळणारे पैसे

चाकूरच्या शाळेत माझ्या वर्गात सगळ्यांत श्रीमंत मी होते. फुशारकी म्हणून सांगत नाही, तसं कागदावरच होतं. बाकीच्या मुलींच्या नावावर पाटी आणि दप्तर होतं, माझ्या नावावर बँकेत मुदत ठेव होती. भूकंपात ज्यांचे आई आणि वडील दोघंही गेले, अशा मुलांच्या नावानं सरकारनं पैसे ठेवले होते. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याला कुणीही हात लावायचा नाही, सांभाळणाऱ्यानं नाही आणि खुद्द मुलानंही नाही, अशी अट होती. कल्पना चांगली होती. आजही कुणी विचारलं तर मी चांगलीच म्हणते.

मी वाचले ते केवळ लांबलेल्या पाहुणचारामुळं. गौरी-गणपतीला मामांकडे चाकूरला आले होते आणि मामेबहिणीनं हट्ट केला म्हणून राहिले. चाकूरलाही जमीन हलली, भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. आमच्या गावाचं काय झालं ते दुपारी कळलं. मामा सायकल टाकून बसस्टँडकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. त्यांनी मला जवळ घेतलं, मामी मोठ्यानं रडल्या. मला रडू आलं नाही. बायका येऊन सांगायच्या, हिला रडवा, नाहीतर पोरीच्या डोक्यात जाईल. एकीनं तर चिमटाही काढला. चिमट्यानं हात दुखला, एवढंच. पुढं कितीतरी वर्षं असंच चाललं. काय झालं ते मला कळायचं, पण वाटायचं काही नाही.

दिवाळी झाल्यावर मामांनी मला शाळेत घातलं. मामा स्वतः शेजारच्या गावात मास्तर होते, गणित शिकवायचे. माझी आधीची शाळा दगडमातीखाली गेलेली, गावातली जन्माची नोंदही तिथंच कुठंतरी. मी खरं तर तिसरीत होते, नऊ वर्षांची. पण बोलत नव्हते म्हणून मला मामेबहिणीबरोबर दुसरीत बसवायचं ठरलं. ती सात वर्षांची होती.

"जन्मतारीख?" हेडमास्तरांनी विचारलं.

मामांनी खरी सांगितली. हेडमास्तर त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "मास्तर, तुम्हाला काय शिकवायचं? दोन वर्षं कमी लावा. पोरगी हुशार दिसतीय. नोकरीला लागली तर रिटायर व्हायला दोन वर्षं जादा मिळतील."

"हाव, तेबी खरंच हाय," मामा म्हणाले.

आमच्याकडे ही रीतच होती. गावोगाव पोरांच्या जन्मतारखा एक जून असायच्या आणि हुशार पोरांच्या दोन वर्षं पुढच्या. आई जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि दोन शहाणे मास्तर माझ्या निवृत्तीचा विचार करत होते. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, हे मला आजही मान्य आहे. त्याच शाळेच्या दाखल्यावर मग ठेवीचा कागद झाला. पैसे कधी मिळणार, ती तारीख त्यावर टाइप केलेली होती. गणिताच्या मास्तरांनी तो कागद चार वेळा वाचला, घडी करून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. अठरात दोन मिळवून त्यांनी पाहिलं नाही.

मामांच्या घरात मला कुणी काही कमी पडू दिलं नाही. उलट जास्तच झालं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. दिवाळीत, पेरणीच्या आधी, नवी वस्तू घरात आली की मामा मला पाटावर उभं करून माझ्या पायांवर डोकं ठेवायचे. भाचीला राबवायचं नाही, भाचीच्या हातानं उष्टं काढायचं नाही, भाचीचं काही खायचं नाही. त्यामुळं झाडलोट मामेबहीण करायची, हापशावरचं पाणी ती आणायची, भांडी तिच्याकडे. मी बसून असायचे. मी मदतीला उठले तर मामी म्हणायच्या, "बस ग बाई, तुझे मामा मला बोलतील." दोन-चार वेळा उठले असेन. मग उठायचं सोडून दिलं. बसून राहणं मला लवकर जमलं.

ती मला अक्का म्हणायची आणि मामांना अण्णा. एका गादीवर झोपायचो, एकाच कंगव्यानं केस विंचरायचो. कधीकधी विचारायची, "अक्का, तू मोठी झाल्यावर त्या पैशाचं काय करशील?" मी म्हणायचे, माहीत नाही. ती म्हणायची, "मला एक घड्याळ घे." मी हो म्हणायचे. ते घड्याळ मी कधी घेतलं नाही, आणि तिनंही तो विषय परत कधी काढला नाही.

मी चौथीत असताना शिरूर अनंतपाळहून वडिलांचे एक चुलतभाऊ आले. केळी घेऊन आले होते. तोवर त्यांचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "पोरगी आमच्या घरची हाय. आम्ही न्यावं म्हणून राहिलो."

मामींनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "पोरगी न्यायची का कागद?"

पाहुण्यांनी पोटभर जेवण केलं आणि संध्याकाळच्या बसनं गेले. पण मामांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी माझ्यासमोर देवापुढं नारळ ठेवून सांगितलं, की या पोरीच्या पैशातला एक रुपया माझ्या घरात येणार नाही. मामी दारात उभ्या होत्या. मामेबहीण भांडी घासत होती. तिनं ऐकलं का नाही, मला माहीत नाही.

दहावीला आम्ही दोघी शाळेत पहिल्या दोन आलो. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तोवर लातूरचं नाव सगळीकडे झालं होतं. डॉक्टर व्हायचं तर अकरावी-बारावी लातुरात करायची, हे चाकूरच्या भाजीवालीलाही माहीत होतं. क्लासेसच्या पाट्यांनी भिंती भरल्या होत्या. भूकंपाला घाबरून ज्यांनी वर्ष वर्ष पत्र्याखाली काढलं, तेच लोक आता पोरींना खोल्या भाड्यानं देण्यासाठी घरावर मजले चढवत होते. फी, खोली, मेस, सगळं मिळून एका पोरीचा खर्च मामांच्या पगाराला जेमतेम झेपणारा होता. पण मामा निवांत होते. माझ्या शिक्षणासाठी माझेच पैसे वापरले तर नारळाला बाधा येत नव्हती. मला अठरा पूर्ण होत होती. माझा खर्च ठेवीतून, तिचा पगारातून. दोघी लातूरला जाणार. खोलीसुद्धा बघून झाली होती, दोन खाटांची.

बँकेत साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अजून दोन वर्षं आहेत."

मामा म्हणाले, "साहेब, खरं तर तिला अठरा झालीत."

"मग तसं सिद्ध करून आणा."

मी पहिल्यांदा मामांना बोटांवर मोजताना पाहिलं. मग तहसीलसमोरच्या वकिलाकडे गेलो. वकिलानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्हीच लिहून दिलेली तारीख खोटी होती, असं तुम्हीच लिहून द्या. कागदाचं मी बघतो. तुमच्या नोकरीचं मात्र मला विचारू नका."

मामा घराकडे निघाले. मी त्यांच्या मागून चालत होते आणि त्यांच्या चपलेची टाच झिजलेली बघत होते. माझं सगळं भवितव्य टांगणीला लागलं होतं म्हणे. मला भूक लागली होती.

दोन दिवसांनी जेवताना मामांनी सांगितलं, "अक्का लातूरला जाईल." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "तू इथंच सायन्स घे."

मामी म्हणाल्या, "दोन वर्षांनी ठेव सुटंल. मग हिला एक वर्ष लातूरला रिपीटर बॅचला घालू. न्हाई का हो?" मामांनी आमटी मागितली. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आम्ही तिघींनी आपापल्या सोयीनं ते हो धरलं. मी जावं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी गेलेच असते.

लातूरची दोन वर्षं मला फारशी आठवत नाहीत. सकाळी क्लास, कॉलेज, परत क्लास, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नंबर. खोलीतल्या मुली रडायच्या, घरच्या आठवणीनं आजारी पडायच्या, एक तर सहामाहीतच परत गेली. मला काही होत नव्हतं. ज्या दगडपणाची बायकांना काळजी वाटायची, त्याचा तिथं फार उपयोग झाला. सुट्टीत चाकूरला येताना मी नोट्सच्या झेरॉक्स आणायचे. तिच्या कॉलेजात फिजिक्सला अर्धं वर्ष मास्तरच नव्हता. ती दुपारी भांडी झाली की त्या झेरॉक्स घेऊन बसायची आणि मला अडलेली गणितं सोडवून दाखवायची. "हे इथं चुकलंय तुझ्या सरांचं," असंही एकदा म्हणाली. मी परत गेल्यावर सरांना दाखवलं. चुकलंच होतं.

बारावीनंतर मला नांदेडला सरकारी मेडिकलला जागा मिळाली. तिला थोडक्यासाठी कुठंच मिळाली नाही. एक वर्ष चांगला क्लास मिळाला असता तर मिळाली असती, हे मी डॉक्टर म्हणून नाही, तिच्याशेजारी बसून शिकलेली म्हणून सांगते. आणि त्याच जूनमध्ये, कागदावर मला अठरा पूर्ण झाली. सरकारी कॉलेजची फी किरकोळ होती, ती मामा भरू शकत होते. म्हणजे ठेवीची मला काही गरज उरली नव्हती. सगळे पैसे मोकळे होते. इतकं सगळं आयतं जुळून आलं होतं.

बँकेत या वेळी साहेबांनी चहा पाजला. मामांनी पैसे माझ्या खात्यात टाकले आणि पासबुक माझ्या हातात दिलं. रात्रीची जेवणं चालू असताना मामींनी विषय काढला. लातूरच्या रिपीटर बॅचचे प्रवेश सुरू झालेत, असं म्हणाल्या.

मामांनी मान वर केली. "भाचीच्या पैशानं माझी पोरगी शिकवू?"

"दोन वर्षांमागं तुमच्याम्होरंच बोलले होते मी."

"तू बोलली होतीस. मी बोललो नव्हतो. उद्या वर गेल्यावर बहिणीला काय तोंड दाखवू मी?"

"आन् पोरीला काय दाखवता?" मामी म्हणाल्या. "ती या घरात राबून राहिली, ते कुनी बघितलं न्हाई."

मामा ताटावरून उठले. मामींनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी माझी भाकरी संपवली. मला अन्न टाकलेलं आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामेबहीण ओसरीवर तूर पाखडत बसली होती. मामी शेजारी गेल्या होत्या, मामा शाळेत. मी खांबाला टेकून बसले होते, नेहमीसारखी. तिनं सूप खाली ठेवलं आणि सरळ विचारलं.

"अक्का, तू दे न पैसे. अण्णांना सांगू नको. मी डॉक्टर झाले की सगळे परत करीन."

तिला विचारायला किती जड गेलं असेल ते तिच्या कानांवरून दिसत होतं, लाल झाले होते. पासबुक माझ्या नावावर होतं. सही माझी होती. मामांनी नारळ ठेवला होता, मी नाही. बँकेत जाऊन यायला अर्धा तास लागला असता.

मी म्हणाले, "मामा नको म्हणतात ग."

मग तिनं सूप उचललं. तुरीतले खडे तिनं एकेक करून वेचले. मी तिथंच बसून होते. परत तिनं कधीही विचारलं नाही.

तिनं डीएड केलं. पुढं लग्न होऊन हदगावला गेली. नवऱ्याचं खताचं दुकान होतं, माणूस बरा निघाला. तिला तिथल्याच शाळेत नोकरी लागली. मुलं तिला घाबरतात आणि तिच्याकडेच शिकायचं म्हणतात, असं मी ऐकलं. मी नांदेडलाच राहिले, डॉक्टर झाले. ती ठेव मी परत ठेव म्हणूनच ठेवली, पाच वर्षांसाठी. मग अजून पाच. शेवटी दवाखान्याच्या बांधकामात गेली. त्या पैशांची मला एकदाही खरी गरज पडली नाही, तरी ते आहेत हे मला रोज माहीत असायचं.

ती माहेरी सणावाराला यायची. माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, हसायची, माझ्या पोराला मांडीवर घ्यायची. मामांशी मात्र बोलायची नाही. भांडण नाही, काही नाही. आईला सांगायची, "त्यांना म्हणावं, जेवायला बसा." मामा शेजारीच बसलेले असायचे. म्हातारपणी ते तिच्या येण्याची वाट बघायचे, अंगणात खुर्ची टाकून बसायचे, आणि ती आली की काय बोलावं ते सुचायचं नाही त्यांना. मला वाटायचं, स्वभाव असतो एकेकाचा. मामा आजारी पडले तेव्हा मी त्यांना नांदेडला आणलं. ती हदगावहून दोनदा आली. पायाकडच्या बाजूला उभी राहिली. त्यांनी पाणी मागितलं, तिनं दिलं. पंधरा दिवसांत मामा गेले. तेव्हा मी रडले, ती नाही.

पुढं तिच्या शाळेनं पालकांचा मेळावा ठेवला आणि तिनं मला बोलावलं. एक प्राध्यापक पाहुणे होते. ते म्हणाले, श्रीमंताच्या पोराला जन्मतःच प्लॉट मिळतो आणि गरिबाच्या पोराला काहीच नाही. ही दरी पगारानं भरत नाही. म्हणून सरकारनं प्रत्येक मुलाच्या नावावर जन्मल्या दिवशीच काही रक्कम ठेवावी, मोठं झाल्यावर ती त्याच्या हातात द्यावी. मला पुरावा म्हणून उभं केलं होतं.

मी बोलले. म्हणाले, मला पोरकी म्हणून कुणी दारात उभं केलं नाही, कारण माझ्या नावावर काहीतरी होतं. सोळाव्या वर्षी माझं लग्न कुणी लावलं नाही. पैसे हातात यायच्या आधीच त्यांचं काम होऊन गेलं होतं, लोक माझ्याशी सांभाळून बोलत होते. मग मी एक जूनची गोष्ट सांगितली, लोक खूप हसले. बहुतेकांच्या तारखा तशाच होत्या. आणि ओघात मी मामांचं सांगितलं. भाचीच्या पैशाला शिवायचं नाही म्हणून त्यांनी पोटच्या मुलीचं शिक्षण सोडलं, पण शब्द मोडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मी ते मनावर घेतलं नाही. मला माझं भाषण आवडलं होतं.

नंतर ती मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. नांदेडची गाडी लागायची होती. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. आम्ही बाकड्यावर बसलो.

"अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"त्या टायमाला अण्णा हाव म्हणले असते, तर दिले असतेस तू?"

खोटं बोलणं माझ्या धंद्यात रोजचं आहे, पेशंटच्या नातेवाइकांशी मी ते चांगलं बोलते. तिथं जमलं नाही. ते पैसे म्हणजे माझे आईवडील होते, असं मी काही लोकांना सांगत आले होते. तसं नव्हतं. मला फक्त ते माझे राहायला हवे होते. आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती.

"न्हाई," मी म्हणाले. "दिले नसते."

मला लाज वाटली. इतकी स्पष्ट वाटली की तोंड कुठं लपवावं कळेना.

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती समोरच्या गाडीकडे बघत होती.

"तवाच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी तुझ्याशी बोलले नसते. अण्णांशी बोलले असते."